तिसऱ्या दिवसाचा आराम

सोनाजीमामा गेल्याचा निरोप अकोल्याला आला तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसून पेरू खात होतो. निरोप आणणारा माणूस मामांच्या अमरावतीचाच, बडनेऱ्याहून आगगाडीने आलेला. आगगाडीत तो पहिल्यांदाच बसला होता, त्यामुळे त्याला आधी गाडीविषयीच बोलायचे होते. ते सारे सांगून झाल्यावर म्हणाला, "आनं तुमचे मामा गेले, मास्तर. मूत अडलं व्हतं. चार दिवस काढले." मला हसू आले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण आले हे खरे. साऱ्या अमरावतीच्या बोकडांचे मूत मोकळे करणारा माणूस मूत अडूनच जावा... माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला आणि निरोप्याने माझ्याकडे असे पाहिले की उरलेला पेरू मी पायरीवरच ठेवून दिला. रडू त्या दिवशी आले नाही, पुढेही आले नाही. शाळेची तपासणी आहे असे सांगून मी लगेच गेलोही नाही. आता दीड महिना झाला, आणि मागच्या आठवड्यात एकदाचा मळ्यावर जाऊन आलो, म्हणून हे लिहितो आहे.

सोनाजीमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांचा विहिरीवरचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या आणि कडेने झेंडू. खतासाठी म्हणून आठ-दहा शेळ्या-बोकड बाळगलेले. बोलणे अगदी रोखठोक. कुणाच्या लग्नात वरण पातळ झाले तर पंगतीतूनच मोठ्याने सांगणार, आणि तरीही लोक त्यांना बोलावत, कारण बोलावले नाही तर ते तेही मोठ्याने सांगत. सकाळी उठले की मामा गोठ्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहत. एकेक बोकड मुतल्याशिवाय ते न्याहारीला बसत नसत. शेळ्यांकडे बघतही नसत. "शेळीची वाट सरय असते," ते सांगत, "बोकडाची लांब, वाकडी, आनं शेवटाले सुईवानी बारीक. खडा अडकते तो त्यालेच." मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, पागोटे नीट बांधायला शिकत होतो, आणि मला हा सगळा प्रकार गावंढळ वाटे. एकदा मी म्हणालो, "मामा, लोक सकाळी सूर्याला नमस्कार करतात. तुम्ही हे काय करता?"

"सूर्य रोज उगोते," मामा म्हणाले. "याचा भरोसा नाई."

मग कापसाची ती वर्षे आली. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी मान आला. घरोघर सरकी काढायचे रेचे फिरू लागले. रेच्याच्या एका अंगाला रुई पडायची, दुसऱ्या अंगाला सरकी. रुई गाड्यांवर लादून जायची, सरकी मात्र अंगणात साचत राहायची. त्याच सुमाराला अमरावतीत हौसेचा बोकड पाळायची टूम निघाली. खच्ची केलेला, शिंगांना बेगड लावलेला, गळ्यात घुंगरांची माळ... दारात असा बोकड नसेल तर त्या घरी कापसाची बरकत पोचलीच नाही, असे लोक समजत. आणि या लाडक्यांना खायला काय, तर ओंजळी भरभरून सरकी आणि वर ज्वारी. सरकी दुभत्या म्हशीला मानवते, कामाच्या बैलाला मानवते, मग बोकडानेच काय घोडे मारले? मामा घसा फोडून सांगत, "तो ना दूध देते, ना नांगर ओढते. त्या दान्याचा त्याच्या पोटात खडा होते. त्याले पाला टाका, गवत टाका. मीठ चाटाले द्या म्हंजे पानी पिईन. आनं लहानपनीच खच्ची नका करू, वाट बारीकच राह्यते त्याची." लोक ऐकून घेत आणि मामांची पाठ वळली की सरकीचे टोपले पुढे सरकवत.

पहिल्यांदा मी पाहिला तो एका अडत्याचा बोकड. मामा आणि भागामामी भाजी घेऊन त्या आळीत आले होते, आणि माझी शाळा तेव्हा तिथेच होती. बोकड पाठ ताणून, मागचे पाय लांब टाकून उभा होता. शेपटी सारखी हलत होती, मधूनच तो पोटाकडे वळून बघत कण्हत होता. एखादा थेंब पडे, तोही तांबूस. घरच्यांनी त्याला तेल पाजायची तयारी केली होती. मामांनी पोटाखालच्या केसांची बट दोन बोटांत धरली आणि मला हात लावायला लावला. केसांवर बारीक रेती चिकटली होती. "कुंथून राहिला म्हून सारे म्हंते लेंडी अडली," मामा म्हणाले. "लेंड्या तर खाली पडून हायेत. डोये कुठी गेले तुमचे?" मामी मांडी घालून बसल्या, बोकडाला माणसासारखे ढुंगणावर बसवून त्यांनी त्याची पाठ आपल्या पोटाशी घेतली आणि चारी पाय आवरून धरले. मामींइतके घट्ट बोकड कुणाला धरता येत नसे. बोकडाच्या इंद्रियाच्या टोकाला बारीक धाग्यासारखे शेपूट असते; त्यातच ज्वारीच्या कणीएवढा खडा अडकलेला दिसत होता. मामांनी विस्तवावर तापवून घेतलेल्या वस्ताऱ्याने तो धागाच कापून टाकला. बोकड किंचाळला, आणि मग जी धार लागली ती थेट अडत्याच्या धोतरावर. धोतर पांढरेशुभ्र होते, पण अडत्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

तेव्हापासून मामांना सारे शहर बोलावू लागले. सगळेच बोकड वाचत असे नाही. खडा टोकाशी असला तर मामांचा वस्तारा चाले. वर कुठे अडकला असला तर त्यांच्या हाती काही नसे, आणि तसे ते तिथल्या तिथे सांगत. बाई रडत असली तरी सांगत. शब्द मऊ करून बोलायचे असतात हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

आमच्याही घरी एक बोकड होता, सरदार. मामांनीच पिल्लू म्हणून दिलेला. वडील गेल्यावर आई त्याच्याशी बोलत बसायची. तो ऐकतो असे तिचे म्हणणे होते, आणि माझ्यापेक्षा बरा ऐकतो असेही. तिने त्याला सरकी घातली. मी पाहिले आणि गप्प राहिलो. एका सकाळी तो पाठ ताणून कुंथू लागला. अडत्याच्या घरी हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते, तरी मी स्वतःची समजूत घातली की पोट जड झाले असेल. खरे कारण असे, की मामांना बोलावले असते तर त्यांनी पहिल्या झटक्यात सरकीचे विचारले असते, आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात विचारले असते. मास्तर माणसाला ते नको होते. मी एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी सरदार ओरडत राहिला, दात खात राहिला. आई म्हणाली, "सोनाजीले बलाव रे." मी म्हणालो, "उद्या बघू." तिसऱ्या दिवशी दुपारी तो एकदम शांत झाला. कण्हणे थांबले, पाय दुमडून बसला, आईच्या हातून कडुलिंबाची दोन पाने घेतली. आईने आनंदाने शेजारणीला गूळ दिला. मला इतके हलके वाटले की मी स्वतः मळ्यावर जाऊन मामांना बातमी सांगितली, एरंडेलाच्या बढाईसकट. मामा मेथीच्या जुड्या बांधत होते.

"मुतला का?" एवढेच त्यांनी विचारले.

मला सांगता येईना. मामांनी जुडी तशीच टाकली आणि चालू लागले; मागून मामीही आल्या. घरी येऊन मामांनी सरदारच्या पोटाला दोन्ही बाजूंनी हात लावला. पोट खाली लोंबून पाण्याच्या पखालीसारखे डुचमळत होते. आईने विचारले, "बरा झाला नं रे सोना?" मी मामांकडे डोळे वटारून पाहिले. त्यांनी माझ्याकडे लक्षही दिले नाही.

"नाई, अक्का. आतल्या आत फुटलं. फुटलं का दुखनं थांबते. तिसऱ्या दिवसाचा आराम असाच असते. उद्या जाईन हा."

सरदार दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. पण त्याआधीची ती संध्याकाळ आईने भिंतीकडे तोंड करून काढली, आणि त्याबद्दल मला स्वतःचा राग यायला हवा होता, तो मामांचा आला. मळ्यावर जाऊन मी भांडलो. "एक संध्याकाळ तिला सुखाने काढू दिली असती तर तुमचे काय गेले असते?"

"आनं सकायी? सकायी तिले कोनं सांगतलं असतं? तू?" मामा म्हणाले. "खोटं मी बोलत नाई, मास्तर. बोकडाशी नाई, मानसाशी बी नाई."

मामी विहिरीवर घागर भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. परवाच बोलावले असतेस तर वाचला असता, हे मामा त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत. एवढे एक वाक्य त्या रोखठोक माणसाने माझ्यासाठी गिळले होते, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. मी त्यांच्याशी तुटकच वागत राहिलो. पुढे लढाई संपली, कापसाचा मान उतरला, हौसेचे बोकड एकेक करून खाटकाच्या दारी गेले. माझी अकोल्याला बदली झाली. आई वारली तेव्हा मामा आले, सगळे करून गेले, आणि जाताना म्हणाले की माझ्या अकोल्याच्या घराच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा मामी ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनाच बोलायचे होते. म्हणाल्या, "त्याले पह्यल्याच दिवशी समजलं. मले म्हने, भागा, बोकडाचं झालं माहं." वैद्याने काढा दिला, त्याने काही झाले नाही. कुणी साहेबाच्या दवाखान्यात चला म्हणाले तर मामा ऐकेनात. "जनमभर दुसऱ्याचं उघडं करून पाह्यलं, आनं सोताचं दाखवाले लाजला," मामी म्हणाल्या. दोन दिवस फार हाल झाले. खांबाला धरून उभे राहत, पुन्हा बसत, घाम पुसत. तिसऱ्या दिवशी दुपारी कळ थांबली. चेहरा निवळला. शेजारीपाजारी येऊन गेले, देव पावला म्हणाले. "मी इचारलं, बरं वाटते का? तो म्हने, हो भागा, उतरलं सारं. उद्या मेथी काढू."

माणसाचे आणि बोकडाचे सारखेच असते की नाही, ते मला ठाऊक नाही. कळ थांबताच मामांनी काय ओळखले असेल, ते मात्र मला ठाऊक होते. बोकडाशीसुद्धा खोटे न बोलणारा माणूस बायकोशी सरळ खोटे बोलला होता. मी त्यांच्याकडे एकदा जी संध्याकाळ मागितली होती, ती त्यांनी मामींना दिली होती. आता ती मोडायची नाही, एवढे तरी माझ्याकडून व्हावे म्हणून मी म्हणालो, "बरेच वाटले असेल त्यांना तेव्हा, मामी. तसा उतार पडतो कधीकधी."

मामींनी खुडायचे थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

"काहून रे मास्तर, इतकी वर्सं त्याच्यासंगं बोकडं मीच धरली नं? तिसऱ्या दिवसाचा आराम मले नाई समजन?"

"मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"जनमात पह्यल्यांदा खोटं बोलला तो माह्यासाठी. कसं तोडू त्याले?"

दीड महिन्यात पहिल्यांदा मामा गेल्याचे मला पोटातून कळले. मामी पुन्हा देठ खुडू लागल्या. मी विचारले, मग काय केले?

"काय करतं? वांगी भाजली, भरीत केलं, भाकरी टाकल्या. तो म्हने, भूक लागली. अर्धी भाकर त्यानं खाल्ली, अर्धी मी. भरीत कसं झालं, इचारलं, तं म्हने, मीठ जास्त झालं." त्या जराशा हसल्या. "हितंच बसलो व्हतो. तू बसला नं, तितं तो."

मी नकळत थोडा बाजूला सरकून बसलो.