गोपाल्याचा मिस कॉल

आज सकाळी माझ्या ढुंगणावर एक लाल डाग निघाला.

हसू नका. मी लय भेलो हाय.

बोराएवढा डाग. सुनिता, माझी बायको, रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरते तेव्हा दिसला. मी चाकाच्या खुर्चीवरचा माणूस. सहा वर्षांपूर्वी कडुनिंबावरून पडलो अन् मणका गेला. कमरेखाली मले काहीच समजत नाही. तिथं विस्तव ठेवला तरी वासावरूनच कळन.

"बोट दाबून पाह्य," मी म्हटलं.

"दाबलं."

"पांढरं झालं का?"

तिनं परत दाबलं. लालच राह्यलं, म्हणजे आतलं रक्त थांबलं.

आज गोपाल्याचं वर्षश्राद्ध. अन् गोपाल्या अशाच एका डागानं गेला.

गोपाल मानोऱ्याकडचा. ट्रॅक्टर उलटून त्याचाही मणका गेलेला. नागपूरच्या वॉर्डात आमचे बेड शेजारी-शेजारी. तिथल्या सिस्टर रोज एकच पाढा म्हणून घ्यायच्या. दर अर्ध्या तासानं पुढं वाका, छाती मांडीवर टेकवा, दोन मिनिटं तसेच राहा. एका जागी बसलं की तिथलं रक्त थांबते, कातडी आतून मरते. तुम्हाला दुखणार नाही, म्हणून घड्याळ पाहून करा.

घरी आल्यावर कोण घड्याळ पाहते? दोघंही एक नंबरचे आळशी. मंग गोपाल्यानं आयडिया काढली. मिस कॉल.

घंट्याला, म्हणजे तासाच्या ठोक्याला, तो देणार, साडेला मी. एक रिंग, कट. म्हणजे "वाक बे."

पाच वर्षं चाललं हे. सुनिता म्हणायची, "तुमाले माह्यापेक्षा तोच जास्त फोन करते."

मंग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. मी तापानं फणफणलेला, जाता आलं नाही. बाप नाही, म्हणून कन्यादानाला गोपाल अन् वहिनी बसणार होते. तो खुर्चीवर, खाली त्याची हवेची गादी. सगळं ठीक होतं.

त्याचे मामा म्हणाले, "खुर्चीवरून कन्यादान होते का? बापाच्या जागी बसून राह्यला तू. पाटावर बस."

वहिनी म्हणाली, पाटावर निदान गादी तरी ठेवा. मामा म्हणाले, "त्या गादीवर बसून तो सारंच करते. विधीत कशी चालन?"

चौघांनी उचलून लाकडी पाटावर बसवलं. मागून एकानं धरलं. तीन-साडेतीन तास.

मामा वाईट माणूस नाही हो. पोराला बापाचा मान द्यायचा होता त्यांना. बस.

दुसऱ्या दिवशी गोपाल्याचा फोन. मिस कॉल नाही, खरा फोन.

"अबे, जरासं लाल झालं. पन दुखत नाई."

"दुखनच कसं बे? पालथा पड आत्ताच्या आत्ता!"

"घरात पाव्हने हायेत. बहीन मांडव परतनीले येऊन राह्यली. दोन दिवसानं पडतो."

दोन दिवसाचे आठ झाले. डाग काळा पडला, मग फुटला. वरून छोटंसं भोक, अन् आत हाडापर्यंत सडलेलं. ताप. ॲडमिट. विष रक्तात गेलं.

गोपाल्या गेला.

मागच्या हप्त्यात त्याच्या आईनं, म्हणजे काकूनं, त्याचा बंद पडलेला मोबाईल पाठवला. माझं मंगरूळपीरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. "यातले फोटो काढून दे बाप्पा, वर्षश्राद्धाले लावतो."

काल दुपारी तो सुरू झाला. लग्नाचे व्हिडिओ त्यातच होते. शूटिंगसाठी फोन दुसऱ्याच्या हातात दिला होता त्यानं.

गोपाल्या फेटा बांधून पाटावर बसलाय. बहिणीकडं पाहून हसतोय.

अन् मंत्र चालू असताना मधूनच आवाज येतो. भर्र. एकदाच.

पुढच्या व्हिडिओत परत. भर्र.

तो मी होतो. इकडं अंथरुणावरून मिस कॉल देऊन राह्यलो होतो. वाक बे. वाक बे.

मंग आवाज बंद. मीच बंद केला. त्याचा घंट्याचा कॉल येईना म्हणून चिडलो होतो, जाऊ दे, लग्नात दंग असन.

कालची अख्खी दुपार मी ते व्हिडिओ मागं-पुढं करत बसलो. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की मी एकदाही वाकलो नाही.

हा डाग त्या दुपारचा आहे.

आज ऑटोनं मानोऱ्याला जायचं होतं. सुनितानं शर्टाला इस्त्रीसुद्धा केली होती. काकूला तोंड कसं दाखवू, न जाऊन? तास-दीड तास बसून जायचं, तिथं बसायचं, परत यायचं. क्षणभर मनात आलंच, आजचा दिवस जाऊन येऊ, उद्या पडू पालथा.

गोपाल्याचंच वाक्य! अंगावर काटा आला. कमरेच्या वर आला, खाली कुठं येतो.

फोन केला. "काकू, मी येत नाई. मले लाल झालं."

तिकडं भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

"येऊ नको," ती म्हणाली. "आला तर दारातून हाकलून देईन तुले. पालथा पड."

मंग तिनं इचारलं, "तो कसा देत होता रे मिस कॉल?"

"घंट्याला. एक रिंग, कट."

"बरं."

तर दोस्तहो, ही पोस्ट मी पालथं पडून लिहून राह्यलो. डॉक्टरला फोटो पाठवला, उद्या ते घरी येऊन पाहणार. तोवर बसायचं नाही. तुमच्या घरात कोणी खुर्चीवर असेल तर त्याला मान द्या, पण गादी काढून घेऊ नका. अन् तो "दुखत नाही" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

संध्याकाळी सुनिता परत आरसा धरन. सकाळपासून तेवढंच डोक्यात आहे. मले दिसत नाही, समजत नाही, फक्त भेव वाटते.

आत्ताच बाराला फोन वाजला. एक रिंग, कट.

काकू.

पालथ्या माणसाला वाकायचं नसते, हे तिला कोण सांगन? मी नाही सांगणार.

गोपाल्या, तुझ्या फोटोला हार घालायला मी आज नाही रे. माफ कर लेका. जिथं असशील तिथं गादीवर बस.