वाकळेला साटीनची झालर

कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा कारखान्यात केमिस्ट होता. वसाहतीत बायकांचं भरतकाम मंडळ होतं आणि नव्या बाईनं आठवड्याच्या आत त्यात नाव घालायचं, असा न बोललेला नियम होता. मी घातलं.

मी माधवनगरची. वडील तिथल्या गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते, त्यामुळे कापडावर बोट फिरवून त्याची जात सांगायची सवय घरातच लागलेली. मंडळात मात्र पहिल्याच दिवशी माझा जीव विटला. राजहंस! जिकडे बघावं तिकडे मॅटीच्या कापडावर राजहंस, आणि त्यांच्या डोक्यावर इंग्रजीत ‘वेलकम’. कृष्णेच्या काठी जन्म काढलेल्या या बायकांनी राजहंस कधी पाहिला नव्हता. बगळे रोज दिसत, पण बगळा भरायला कुणी तयार नव्हतं. एकीजवळ मोराचा नमुना होता, तो ती कपाटात कुलूप लावून ठेवी आणि मागितला की हरवला म्हणून सांगे. कुणाकडेच चहाची किटली नव्हती, पण किटलीला घालायचे लोकरी झगे पाचजणींनी विणून ठेवले होते.

अध्यक्षीणबाई म्हणजे कारखान्यातल्या बड्या साहेबांच्या पत्नी. त्यांना टाका घालताना मी कधी पाहिलं नाही. “आज नेमका चष्मा विसरला बघा,” म्हणायच्या. मी तिथे होते ती दोन वर्षं तो चष्मा विसरलेलाच होता.

आमच्याकडे शेजारच्या गावातून एक मावशी दूध घालायला यायच्या. पन्नाशीच्या. नवरा वारलेला, मुलगा पलटणीत. एकदा मी अंगणात राजहंसाची चोच भरत बसले होते. त्या दुधाची कासंडी खाली ठेवून वाकल्या.

“ह्ये पांघराय हाय का हातराय?”

“दोन्ही नाही, मावशी. भिंतीवर लावायचं.”

“आन् मग?”

मी चोचीचा पुढचा टाका घातला. त्या म्हणाल्या, “दुपारच्याला या आमच्याकडं. आमी वाकळा शिवतोय.”

मी गेले. त्यांच्या अंगणात सहा-सातजणी एका वाकळेच्या चारी कडांना बसल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून वर रंगीत तुकडे जोडलेले, कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. कडेपासून शिवत शिवत मध्याकडे सरकायचं. मला एक कड मिळाली. शाळेत शिवणात पहिला नंबर असायचा माझा, म्हणून ऐटीत वीतभर धावदोरा घातला. मावशींनी तो बघितला.

“आवं बाई, ह्यो टाका हाय का आगीनगाडीचा रूळ? आसल्या टाक्यात झोपंत पायाचं बोट आडकतंय. उसवा.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि उसवलं. मग रोज जाऊ लागले. तिथे कुणाचा नमुना कपाटात नव्हता. हिचा तुकडा तिच्या वाकळेत जाई, आणि कुठलं लुगडं कुणाच्या लग्नातलं, कुठलं कुणाच्या सासूनं रागानं फाडलेलं, हे सांगत दुपार संपे. दोन महिन्यांनी मावशी माझ्या टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, “आता बरं हाय.” एवढ्यावर मी आठवडाभर खूश होते. मंडळात गेले की मात्र मला हसू दाबावं लागे. खरं सांगायचं तर मी ते नीट दाबतही नसे.

दुसऱ्या वर्षी मंडळानं कराडात प्रदर्शन ठरवलं. मुंबईहून कुणी मोठ्या बाई पाहुण्या येणार होत्या. अध्यक्षीणबाईंनी मला बोलावलं.

“तुम्ही त्या गावातल्या बायकांत बसता म्हणे. त्यांच्याकडून एखादी गोधडी आणा. पाहुण्यांना असलं खेडवळ काहीतरी आवडतं.”

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे वरिष्ठ, आणि मनात एक हावही होती, की राजहंसांच्या शेजारी ती वाकळ ठेवावी आणि या बायकांना कळावं. मावशींनी नुकतीच एक पुरी केली होती. त्या कुरकुरत म्हणाल्या, “आठ दिसांत आणा. लेक बाळंतपणाला येनार हाय, तिच्यासाटी शिवलीया.”

प्रदर्शनाच्या दिवशी मावशी आणि चौघीजणी ठेवणीतली चांगली लुगडी नेसून एसटीनं आल्या. मी त्यांना दारातच घेतलं आणि वाकळेपाशी नेलं. अध्यक्षीणबाईंच्या हाती दिल्यापासून मीही ती पाहिली नव्हती. वाकळेच्या चारी बाजूंना मशीनवर शिवलेली गुलाबी साटीनची झालर होती. पहिल्या बक्षिसाची फीत लावली होती. खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षर.

“काय लिवलंय?” मावशींनी विचारलं.

थाप मारता आली असती. मी वाचलं, “‘शोभेची चादर. संकल्पना आणि काम, मंडळाच्या अध्यक्षा.’”

मावशींनी वाकळ टेबलावरून ओढली, खाली फरशीवर मांडी घातली आणि झालरीचा दोरा दातानं तोडायला लागल्या. अध्यक्षीणबाई धावत आल्या.

“अहो बाई! हात लावू नका. प्रदर्शन आहे हे!”

“माजी हाय.”

“तुमची कशावरून? गोधड्या सगळ्या सारख्याच असतात.”

मावशींनी मान वर केली. “आत, तिसऱ्या थराला, आमच्या मालकांचा फेटा हाय. आबोली रंगाचा. उसवून दावू का सगळ्यांम्होरं?”

तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. फरशीवर बसून टरटर झालर उसवणारी बाई पाहून त्यांना वाटलं, हे प्रात्यक्षिक आहे. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. “किती अस्सल!” म्हणाल्या. मागोमाग मंडळातल्या बायकांनीही वाजवल्या, अध्यक्षीणबाईंनीसुद्धा. इतकी मूर्ख टाळी मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही.

“ही मला द्याल का?” पाहुण्यांनी विचारलं. “दिवाणखान्यात भिंतीवर टांगेन.”

“भिंतीला थंडी वाजती व्हय?” मावशी म्हणाल्या. अर्धी झालर लोंबत असलेली वाकळ त्यांनी काखेत मारली आणि पाचहीजणी निघाल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

पहिलं बक्षीस मग एका राजहंसाला देण्यात आलं.

मी मंडळ सोडलं. नवरा दोन दिवस घाबरून होता, पण झालं एवढंच की अध्यक्षीणबाईंचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. मावशींकडे जायला मात्र पाय उचलेना. त्या दूध घालून न बोलता जात. पाचव्या दिवशी मीच त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. त्यांनी वाकळ आणून माझ्या पुढ्यात टाकली.

“मशिनीचं टाकं लय बारीक हायत. ऱ्हायल्यालं तुमी उसवा.”

मला दोन दुपारी लागल्या. एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, खालचं कापड फाटू द्यायचं नाही. भोवती बायका दुसरी वाकळ शिवत होत्या आणि माझ्याशी कुणी अवाक्षर बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर शेवटचा दोरा निघाला. मावशींनी कडेवरून बोट फिरवलं, मशीनच्या सुईची भोकं चाचपली, आणि सरकून मला जागा करून दिली.

“बसा,” म्हणाल्या. “ही कड मोकळी हाय.”

पंधरा दिवसांनी त्यांच्या लेकीला मुलगी झाली. बाळ त्या वाकळेवर ठेवलं, तेव्हा मी तिथेच होते. पहिल्याच तासात तिनं ती ओली केली. मावशींनी वाकळ झटकली, वळणीवर टाकली आणि हात धुऊन शिवायला बसल्या.