हजला जाणाऱ्यांना अब्बा सांगत ते

सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यातून हजला निघालेला प्रत्येक माणूस जाण्याआधी एकदा तरी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. अब्बा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. ते स्वतः कधी गेले नव्हते, पण जाऊन आलेल्यांना त्यांनी इतकं खोदून खोदून विचारलं होतं की मुंबईच्या मुसाफिरखान्यात नळाला पाणी कधी येतं इथपासून मक्केजवळच्या मिनाच्या तंबूंपर्यंत सगळं त्यांना पाठ होतं. सुरुवात मात्र ठरलेली असायची. "हे माझं ऐकीव आहे, बघितलेलं नाही," असं सांगितल्याशिवाय ते पुढचा शब्द काढत नसत. घरात आम्ही दखनी बोलायचो. मी मराठी शाळेत शिकले, म्हणून मला हे मराठीत आठवतं.

ट्रंकेला चादरीची पट्टी बांधा, बोटीवर सगळ्यांच्या ट्रंका एकसारख्या दिसतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या, तिकडच्या रोटीनं आपलं पोट भरत नाही. गर्दीत चप्पल सुटली तर सुटू द्या, वाकलात की संपलात. आणि कॉलऱ्याच्या दोन सुया वेळेवर टोचून घ्या, मध्ये एक आठवडा, आणि दुसरीनंतर बोटीपर्यंत सहा दिवस. तारीख चुकली तर बोट चुकली. हे शेवटचं ते दोनदा सांगत.

अम्मा दाराआड बसून ऐकायची. तिला काबा एकदा डोळ्यांनी बघायचा होता. माझ्या आधीचे दोन मुलगे दूधपीते गेले होते, त्यांच्यासाठी तिथं उभं राहून तिला काहीतरी मागायचं होतं. काय, ते तिनं मलाही सांगितलं नाही. बाईला एकटीला जाता येत नसे; नवरा, नाहीतर भाऊ, नाहीतर मुलगा बरोबर हवा. भाऊ नव्हता, मुलगे गेलेले. म्हणजे अब्बा जातील तरच अम्मा जाणार.

अर्ज फार यायचे, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या काढत; तीन वर्षं चिठ्ठीत नाव निघालं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर चौथ्या खेपेला दोघांचं निघालं, तेही पहिल्या बोटीवर. अम्मानं पदरात तोंड लपवून रडून घेतलं आणि लगेच भाकरीचं पीठ काढलं.

जाण्याआधी दारोदार जाऊन माफी मागायची आमच्यात रीत आहे. बोलल्या-चालल्याचं, घेतल्या-दिल्याचं सगळं माफ करून घ्यायचं. कुणाचं मन दुखावलेलं ठेवून गेलं तर हज कबूल होत नाही असं अब्बा मानत. मोहल्ला झाला, कारखाना झाला. राहिले मंद्रूपचे मोठे अब्बा, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. बांधावरून दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी अब्बा मंद्रूपला गेले. भाऊ पोरीच्या सासरी गेलेला. अब्बा त्याच्या ओसरीवर वाट बघत बसले. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सहाव्या दिवशी भाऊ आला, त्यानं बांधाचा विषयसुद्धा काढला नाही. "माज्या मनात काय बी न्हाय. जा की खुशाल. एवढ्यासाठी बसलास व्हय हितं?" म्हणाला. दोघं गळ्यात गळा घालून रडले. अब्बा घरी आले ते हलके होऊन आले.

दुसरी सुई त्यांनी आल्याबरोबर टोचून घेतली. दाखले मीच ट्रंकेत ठेवत होते. अम्माच्या दोन्ही तारखा बरोबर होत्या. अब्बांची दुसरी तारीख बघून मी म्हटलं, "अब्बा, बोट सुटायच्या आत हा दाखला लागू होत नाही." ते हसले. "मला शिकवतेस? भावाच्या दारात बसलो होतो मी. अल्ला बघतोय." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल मला अजून माझाच राग येतो.

स्टेशनवर अर्धा मोहल्ला आला होता. हारांनी अब्बांचं तोंड दिसत नव्हतं. पोचवायला मी मुंबईपर्यंत गेले. तपासणीच्या टेबलावरच्या माणसानं दाखला उलटसुलट केला आणि सरळ आवाजात सांगितलं, "दुसरी सुई होऊन सहा दिवस व्हायला हवेत. बोट परवा आहे." अब्बांनी भावाचं सगळं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं ऐकून घेतलं, पण कागद परतच दिला. पुढच्या बोटी भरलेल्या होत्या. अम्माच्या कागदावर शिक्का बसू शकत होता, पण तिच्याबरोबर जाणार कोण? ती वळकटीवर बसून राहिली.

"चला घरी," मी म्हटलं.

"कुणाच्या दारात जाऊ?" अब्बा म्हणाले. "सगळ्यांची माफी मागून निघालोय. हार घालून घेतलेत. आता कोणत्या तोंडानं परत जाऊ?"

मी भांडले. भर मुसाफिरखान्यात बापाशी भांडले. पण ते ऐकेनात. अम्माचे लांबचे नातेवाईक भिवंडीला होते, तिथं दोघं गेले. हाजी परत यायला लागेपर्यंत अब्बा तिथल्या मागावर उभे राहिले आणि अम्मानं त्या अनोळखी घरातली भांडी घासली. मला सोलापूरला पाठवलं. बायका विचारायच्या, पत्र आलं का गं? मी हो म्हणायचे. काय लिहिलंय, तर तब्येत बरी आहे, गर्दी फार आहे. तीन महिने मी रोज खोटं बोलले आणि मला ते चांगलं जमायला लागलं, याचीच किळस येते.

परतलेल्या कुणाकडून तरी मक्केतल्या जमजम विहिरीचं पाणी आणि खजूर मागून घेऊन ते आले. स्टेशनवर पुन्हा हार. म्हाताऱ्या बायकांनी अम्माचे हात डोळ्यांना लावले. पुढच्या वर्षी ओट्यावर दुप्पट माणसं यायला लागली. पहिला माणूस समोर बसला तेव्हा मी आत चुलीपाशी होते. अब्बांनी घसा साफ केला आणि ते ठरलेलं पहिलं वाक्य सोडून एकदम ट्रंकेच्या पट्टीपासूनच सुरुवात केली. त्या क्षणी बाप माझ्या मनातून उतरला. पुढे दया आली, पण ती फार उशिरा.

पुन्हा अर्ज भरा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. अर्जात याआधी हज केला आहे का, असा रकाना होता. खरं लिहिलं तर मोहल्ल्यात फुटणार. खोटं लिहिलं तर आधी न गेलेल्यांच्या मागे नंबर लागणार. अब्बा अर्ज हातात घेऊन बसायचे आणि परत द्यायचे. दोन वर्षं असं झालं, मग मी अर्ज आणणं सोडलं. अम्मा एकदाही कुणाला काही बोलली नाही. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर आम्ही तिघं सुटलो असतो असं मला वाटतं.

त्यानंतर वर्षभरात ती अंथरुणाला खिळली. पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. एका दुपारी शेजारची सून हजला निघाली म्हणून माफी मागायला आली. अम्माच्या पायाशी बसून म्हणाली, "हज्जन अम्मा, पहिल्यांदा दिसतं तेव्हा कसं वाटतं हो? मला भीती वाटते."

"भिऊ नको," अम्मा म्हणाली. "रडू येतं. येऊ दे."

सून तिचा हात डोळ्यांना लावून निघून गेली. मग अम्मानं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "येत असेल ना गं रडू?"

उंबऱ्यात अब्बा बसले होते. त्यांना ऐकू गेलं. आमच्या घरात काबा बघितलेलं कुणीच नव्हतं.