मास्तरांची खानेसुमारी

मास्तर कुणालाही भेटले की पहिला प्रश्न विचारत, "पणजाचं नाव काय?" समोरचा अडखळला की म्हणत, "मग तू काय अळंबीसारखा उगवलास?" वडगावात आम्ही शेजारी. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. माझ्या पणजोबांचं नाव मला येत होतं, म्हणून माझ्याशी ते जरा बरे वागत.

तरुणपणी सरकारी खानेसुमारीसाठी त्यांनी मावळातली गावं पायी पालथी घातली होती. सरकारला माणसांचा आकडा हवा होता, यांना वंशावळी. म्हणून स्वतःच्या नकलेत ते प्रत्येक बाईपुढे नवऱ्याचं नावही लिहीत. सरकारी कागद पुढे रद्दीत गेले, मास्तरांची नक्कल राहिली. महायुद्धानंतर पलटणीतल्या शिपायांच्या याद्याही त्यांनी उतरवून घेतल्या. एका मणियाराला त्यांनी त्याच्या आजाचं नाव काढून दिलं, तेव्हा तो रडायला लागला. मास्तर म्हणाले, "लांब हो, शाई पुसेल."

"दोन कागद जुळले की माणसानं तोंड मिटायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वराळ्याच्या ठकूबाईचा नवरा पलटणीत होता. तो बसऱ्याकडे लढाईत मेला. तिचं लग्न पाहिलेली माणसं मानमोडीच्या साथीत गेली. थोरला दीर धोंडी होता तोवर तिला कुणी काही म्हटलं नाही. तो मेल्यावर त्याच्या मुलांनी पंच बसवले. "आमचा चुलता बिनलग्नाचा मेला. ही बाई आमच्या बापानं ठेवल्याली. हिच्या पोराला कसला वाटा?"

ठकूबाईनं मास्तरांना बोलावलं, आणि बाईमाणूस सोबत हवं म्हणून मला.

पलटणीच्या यादीत तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून भाऊ धोंडी होता. भरती लग्नाआधीची, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. मग मास्तरांनी नक्कल वाचली, "ठकू, नवरा धोंडी."

पंचांत कुणीतरी फिसकन हसलं.

"मास्तर, तुमीच आलता की लिवाया!" ठकूबाई म्हणाली. "म्या मालकाचं नाव कसं घ्यावं? म्हनलं, ते पलटणीत हायेत. तुमी वट्ट्यावरच्या थोरल्या दिराला नाव इचारलं, त्यानी सवताचं सांगितलं, आन तुमी तेच लिवलं."

"मग तेव्हा नाव घ्यायचं होतंस."

"सासू बसली व्हती म्होरं!"

"सासू कागदावर दिसत नाही."

ठकूबाई उठली. पदर सारखा केला आणि सगळ्या भावकीसमोर, जन्मात पहिल्यांदा, ओरडली, "गणू! माज्या मालकाचं नाव गणू!"

मास्तर दप्तर बांधत होते. "आता उशीर झाला," ते म्हणाले.

परतताना मी विचारलं, "ती खरं बोलत असेल तर?"

"असेलही. पण एक ओळ खोटी म्हटली की सगळी नक्कल खोटी."

वाटा गेला. ठकूबाई लोणावळ्याच्या बंगल्यांत भांडी घासू लागली, मुलगा घाटात रेल्वेची खडी फोडायला गेला. गावात त्याला धोंडीचाच म्हणत. एकदा ती मला बाजारात दिसली. तिनं मान फिरवली.

गेल्या साली मास्तर वारले. मूलबाळ नव्हतं. नोंद करायला कारकून आला. "मयताचं नाव?"

मास्तरीणबाईंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. भिंतीकडे बघत त्या पुटपुटल्या, "मास्तर."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मला नाव ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांचं, आजाचं आणि पणजाचंही.

"घरच्या माणसानं सांगितलं ना?" मी म्हणाले. "मग तेच लिहा."