खुणेपर्यंतचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही – आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असं ती समजते. तुम्ही माझे कोण? तरी तुम्हालाच सांगतोय. ओळखीच्या माणसाकडे बघून हे तोंडातून निघणार नाही.

तेव्हा मी जुन्नरात फोटो काढायचो. शिकवायला कुणी नव्हतं. ओतूरच्या बाजारात ओझी वाहिली, त्यातून एक जुना कॅमेरा घेतला, तोही मालक रडकुंडीला येईपर्यंत घासाघीस करून. घरातल्या मागच्या खोलीच्या फटी गोणपाटानं बुजवल्या आणि तिथंच फिल्म धुवायला लागलो. भाव करण्यात मला कुणी हरवलं नाही, असं मी म्हणायचो. एकानं हरवलं. तिथूनच हे सुरू होतं.

पण आधी औषधाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फिल्म ज्यात बुडवली की चित्र उमटतं ते औषध, म्हणजे डेव्हलपर, मी तपकिरी बाटलीत ठेवायचो. बाटलीला खूण केलेली. प्रत्येक फिल्म त्यातलं थोडं औषध पिऊन जाते आणि उरलेल्याचा जोरही कमी करते. म्हणून दरवेळी त्यात जास्त कडक असं दुसरं औषध खुणेपर्यंत घालायचं. त्याला मी भरणा म्हणायचो. भरणा घातला की जुनं औषध पुन्हा ताजं होतं. आणि नुसतं पाणी घातलं तर? बाटली तेव्हाही खुणेपर्यंत भरते. बघणाऱ्याला काही कळत नाही.

युसूफ आमच्या गल्लीच्या टोकाला कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. त्याला बोटीवर इंजिनात काम मिळालं होतं. परत कधी येणार याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याला आईचा फोटो बरोबर न्यायचा होता. हलीमाबी – दारोदार बांगड्या भरणारी म्हातारी. तिचा तोवर एकही फोटो निघाला नव्हता.

माझ्या ओट्यावर भाव सुरू झाला. मी माझा आकडा धरून बसलो. भोवती चार माणसं जमली, तसा युसूफला चेव आला. "नुसता खटका दाबायचा अन् एवढं मागता? बंदूक घेतली तर निदान आवाज तरी व्हतो, राव!" माणसं पोट धरून हसली. मी तडकलो, बोलायला गेलो, आणि रागात माझीच जीभ अडखळली. शेवटी त्याच्याच भावाला हो म्हणालो. माझ्याच ओट्यावर. अजूनही वाटतं, त्यानं चारचौघांत तसं बोलायला नको होतं. हे मी मोठेपणानं सांगत नाही – अजून वाटतं, एवढंच.

हलीमाबी पडवीत स्टुलावर बसली. सावलीत उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्यातला पडदा क्षणभर जास्त उघडा ठेवावा लागे. मी नेहमीसारखं म्हणालो, श्वास धरा, हालू नका. तिच्या भुवईवर माशी बसली. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. मी ते कॅमेऱ्यातून पाहिलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

त्या दिवशी खोलीत शिरलो तेव्हा बाटली खुणेच्या बरीच खाली होती. औषध काळ्या चहासारखं झालेलं, आधीच थकलेलं. भरण्याची बाटली फळीवर होती – भरलेली, बूच लावलेली. पुण्याहून हुज्जत घालून आणलेल्या पावडरीच्या डब्यांतून तो भरणा मीच बनवला होता. माझा हात तिच्याकडे गेला. मग मनात आलं, याच्या कामाला? या भावात?

मी तांब्या उचलला आणि खुणेपर्यंत पाणी ओतलं.

चूक नव्हे ही. अंधारात हात चुकला असंही नाही. फिल्म वाळायला टांगली तर तिच्यावर चेहरा नव्हताच, काचेवर फुंकर घालावी तसं काहीतरी पुसट होतं. छापूनही पाहिलं. पदराची कड तेवढी दिसली.

सकाळी मायलेक आले. युसूफची एसटी थोड्याच वेळात सुटणार होती. मी तो कागद पुढे केला. फोटो बिघडला की बसणारा हालला, असंच तेव्हा सगळे समजत. मला फार काही रचावंच लागलं नाही. "म्हातारी हालली," मी म्हणालो.

युसूफ तिच्यावर उखडला. "अम्मा, येवढा टाइम गप बसवलं नाय तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "हालले असंन रे. म्हातारं अंग, मला काय कळतंय?"

तेव्हासुद्धा म्हणता आलं असतं – पुन्हा बसा, चांगला काढून टपालानं पाठवतो. नाही म्हणालो. युसूफचं तोंड उतरलेलं पाहून बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. तो आईशी धड न बोलता एसटीत चढला.

पुढे काही दिवसांनी ती एकटीच आली. "भाऊ, परत बशिवता का? आता न्हाई हालायची मी. रोज दुपारी भितीला टेकून बसून बघते – लई येळ जमतंय." आणि तिनं ओट्यावर बसून दाखवलं. हात मांडीवर, नजर समोर. श्वास धरलेला.

मला ते बघवेना. पण बघवेना म्हणून मी काय केलं? "पोरगा आला की या, दोघांचा मिळून काढू," म्हणालो आणि आत गेलो. ती आणखी एकदा येऊन गेली असं बायको म्हणाली. तेव्हा मी घरातच होतो.

युसूफ परत आला तोवर ती गेली होती. बोटीवर तिच्या आजारपणाचं कळलंसुद्धा नव्हतं. त्यानं मला विचारलं, तो हाललेला फोटो तरी आहे का? मी फिल्म केव्हाच चुलीत घातली होती. नाही, एवढंच बोललो. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, तुमी तरी काय करणार?

आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पोरं आहेत. मी संध्याकाळी कधी त्याच्याकडे बसायला जातो. पोरांनी विचारलं, आजी कशी दिसायची, की तो हसत सांगतो, "काय सांगू! पायाला भिंगरी व्हती तिच्या. एका जागी बसंल तर शपथ! या काकांना इचारा, फोटोपुरती पण गप बसली नाय."

पोरं माझ्याकडे बघतात. मी हो म्हणतो आणि त्यांच्याबरोबर हसतो.