रेघेपुढचा माणूस

बावड्याच्या शाळेत मी मुलांना पळवते. माझा एक नियम आहे आणि तो मोडला की माझ्या तोंडाला आवर राहत नाही. शर्यतीची शेवटची रेघ आखली की तिच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही. शिपाई नाही, मोबाईल घेऊन आलेले पालक नाहीत, मुख्याध्यापकही नाहीत. मागच्या वर्षी एक आजोबा नातीला उचलून घ्यायला हात पसरून रेघेपुढे आले, तर मी त्यांच्यावर एवढी ओरडले की नातच रडायला लागली. नंतर मी त्यांची माफी मागितली, त्यांना चहा पाजला. कारण मात्र सांगितलं नाही. ते इथं लिहून टाकते.

मी साठ मीटर पळायचे. छताखालच्या, म्हणजे इनडोअर स्पर्धेत शंभर मीटर नसतं, कारण आत तेवढी जागाच नसते. साडेसात सेकंदांत सगळं संपतं. उघड्या मैदानावर रेघ ओलांडली की माणूस ढिला पडत पडत पार वळणापर्यंत जातो, कंबरेवर हात ठेवून श्वास घेतो. आत तशी चैन नाही. रेघेनंतर दहा-बारा मीटरवर भिंत, भिंतीला जाड गाद्या. पूर्ण वेगात रेघ ओलांडायची आणि जाऊन गादीवर आदळायचं. ज्याला भिंत आधी दिसली, त्याचा पाय आधी आखडतो आणि तो हरतो.

आशियातल्या देशांच्या इनडोअर स्पर्धेसाठी माझी निवड झाली तेव्हा बारामतीच्या मैदानावरच्या माझ्या सरांनी पहिल्यांदा हीच गोष्ट काढली. "सुरुवात तुझी चांगली आहे. पण तुला भिंतीची सवय नाही. आणि आपल्याकडं तशी जागा कुठून आणायची?" मी घरी येऊन हे सांगितलं. आम्ही जळोचीत राहायचो. वडील जेवत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी भाकरीचा घास तोंडात ठेवला, नीट चावला आणि म्हणाले, "भित्त व्हय? लई भित्ती हायत्या आमच्याकडं."

तात्या इंदापूर रस्त्यावरच्या एका साखरेच्या गोदामात हमाल होते. तीस वर्षं त्यांनी पोती उचलली, पोत्यांच्या थप्प्या लावल्या. वरून सरकवलेलं पोतं छातीवर झेलून पाठीवर घ्यायची त्यांची एक ढब होती. नवीन हमाल ती बघायला थांबायचे. दिवाळीच्या सुमारास, कारखाने सुरू व्हायच्या आधी, ते गोदाम जवळजवळ रिकामं असायचं. पत्र्याचं उंच छत, खाली सिमेंटचा कोबा, आणि या दारापासून त्या भिंतीपर्यंत शंभर मीटरच्या आसपास लांबी. सिमेंटवर पळून नडग्या कामातून जातात हे मला माहीत होतं. म्हणून मी फक्त हमालांच्या जेवणाच्या सुट्टीत जायचे आणि तीन-चार वेळाच पळायचे. हमाल डबे सोडून बघत बसायचे. मुकादम लोखंडी दारावर पोत्याचा हूक आपटायचा, तीच माझी बंदूक. आवाज छताला लागून परत यायचा. खऱ्या हॉलमध्ये अगदी तसंच होतं, हे मला पुढं कळलं.

भिंतीला लागून जुन्या पोत्यांची एक थप्पी होती. भिंतीची सवय व्हावी म्हणून पहिल्याच आठवड्यात मी रेघेनंतरही वेग न सोडता तिच्यावर जाऊन आदळले. साखरेचं पोतं लांबून मऊ दिसतं, पण पडून राहिलेली साखर दगड होते. माझं मनगट सुजलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी रेघेच्या आधीच आखडायला लागले. सरांनी सांगितलेला दोष मी इथं येऊन नीट शिकून घेतला, असं झालं.

तात्यांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गोदामातल्या वजनकाट्यावर उभं केलं. काटा पन्नासच्या किंचित पुढं गेला. तात्या सगळ्यांकडं बघून हसले. "हे बगा, बारदानासकट एक पोतं."

मग ते थप्पीच्या पुढं जाऊन उभे राहिले. पाय फाकवले, गुडघे जरा वाकवले, हात पसरले. "भित्त इसर. माझ्याकडं बग आन् ये."

मी गेले. त्यांनी मला झेललं, दोन-तीन पावलं मागं सरकले आणि थांबले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून माझा पाय आखडायचा थांबला. खरं सांगायचं तर मला ते पळण्यापेक्षाही जास्त आवडायला लागलं. वयात आल्यापासून बापानं मला जवळ घेतलं नव्हतं. आमच्याकडं तशी पद्धत नाही. आता रोज दुपारी चार वेळा घेत होता. घामाचा, तागाचा आणि साखरेच्या मळीचा वास यायचा. मी सरांना काही सांगितलं नाही. ते नको म्हणाले असते.

पुढं कारखाने पेटले आणि गोदामात माल यायला लागला. माझ्या रेघेच्या पुढं दिवाळीत पस्तीसेक मीटर मोकळी जागा होती. मागच्या भिंतीपासून थप्पीची एकेक रांग पुढं सरकत होती. रोज बघणाऱ्याला ते कळत नव्हतं. सोमवारी आलं की मात्र वाटायचं, कुणीतरी भिंतच उचलून अलीकडं आणली आहे. मार्गशीर्ष संपता संपता पुढं बाराच मीटर उरले. मी म्हटलं, बरंच झालं, तिकडं पण एवढंच असतं. तात्यांची पाठ आता पोत्यांना टेकलेली असायची. मागं सरकायला त्यांना एक पाऊल उरलं नव्हतं, आणि माझा वेग तर वाढतच होता.

मुकादमानं एकदा हूक खाली ठेवला आणि तात्यांना बाजूला घेतलं. मला ऐकू येईल इतकं मोठ्यानं बोलला. "तात्या, आता बास करा. पोतं वरनं येतं, पडतं, गप बसतं. ही आडवी येती, आन् सोताच्या जोरानं येती. ह्यात लई फरक हाय."

"धा दिवस ऱ्हायल्यात," तात्या म्हणाले. "तीस वर्सं झेलतोय मी."

मी बुटाची लेस बांधत होते. आधीच बांधलेली होती, तरी बांधत होते.

त्यानंतर दोन दिवसांनी ते झालं. सुरुवात इतकी छान लागली होती की मला माझाच हेवा वाटला. रेघ ओलांडली, तात्यांकडं बघितलं आणि गेले. माझा खांदा त्यांच्या उजव्या कुशीत लागला आणि आतून आवाज आला. कोवळा ऊस मोडल्यावर येतो तेवढाच. बाकी कुणाला तो ऐकू गेला नसेल. माझा कान त्यांच्या छातीला होता.

तात्यांनी मला खाली सोडलं. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाले, "काय न्हाय. गुंडी तुटली."

त्यांच्या अंगात बनियन होतं. बनियनला गुंडी नसते.

आणि मी काय केलं? मी खाली वाकले आणि सिमेंटवर गुंडी शोधल्यासारखं केलं. इकडं तिकडं हात फिरवला, म्हणाले, "सापडत न्हाय." तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मला सगळं कळलं होतं. मी तेव्हा बोलले असते तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं असतं, घरी कुणीतरी थांबावं लागलं असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. स्पर्धेआधीच्या सराव शिबिराला जायला आठ दिवस होते. मला जायचं होतं. एवढंच आहे, याला दुसरं चांगलं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत उभे राहिले. बनियनच्या आत टॉवेल घट्ट गुंडाळलेला दिसत होता. मुकादमानं हूक आपटला. मी निघाले, आणि रेघेच्या तीन पावलं अलीकडं माझा पाय आपोआप आखडला. त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा चालतच होते.

"ढिली का पडलीस?"

"घसरले."

"उद्या घसरायचं न्हाय."

पण मी रोज घसरत राहिले. तात्या रोज उभे राहत होते आणि मी रोज तीन पावलं आधी मरत होते. दोघांपैकी एकानंही थांबू या म्हटलं नाही. घरी आई भांडी घासता घासता मला म्हणाली, "तुजा बाप आडवा पडत न्हाय, भित्तीला टेकून झोपतोय. इचारलं तर म्हनतोय उकडतंय. पौषात उकडतंय." ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या हातातलं पातेलं घेऊन विसळायला लागले.

शिबिराला जायची गाडी भिगवणला थांबायची. तात्या सोडायला आले. स्टेशनच्या आधी एका हॉटेलात आम्ही मासे खाल्ले. एका बैठकीत दोघांचं जेवण उठवणारा माणूस, त्यानं अर्धी भाकरी ठेवली. बोलताना मधेच थांबत होते, खोकला आला की उजव्या कुशीवर हात दाबून धरत होते. गाडी आली. माझी बॅग बाकड्याच्या पलीकडं त्यांच्या पायाशी होती. तीस वर्षं पोती उचलणाऱ्या त्या माणसानं बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात खिशात घातले. मी पुढं होऊन बॅग उचलली. जड नव्हती.

"भित्तीला भ्यायचं न्हाय," खिडकीतून ते म्हणाले.

शिबिरात पंधरा दिवस मी उत्तम पळाले. तिथल्या गाद्यांपुढं कुणी उभं नसायचं. मी स्वतःची समजूत घातली की ते संपलं.

स्पर्धेचं शहर थंड होतं. हॉल आतून उबदार होता, एवढा उजेड की कुणाचीच सावली पडत नव्हती. पहिल्या फेरीत मी सहज पुढं गेले. गाद्या निळ्या होत्या, मऊ होत्या, मी त्यांच्यावर आदळून हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी उपांत्य फेरी होती. आमच्या आधीच्या शर्यतीत एक उंच मुलगी जोरात आदळली आणि नेमकी माझ्या लेनच्या टोकाची गादी निसटली. ती नीट लावायला माणूस आला. आम्ही ठोकळ्यांवर पाय ठेवले तरी तो गेला नाही. गादी धरून ठेवायची म्हणून तो तिच्या कडेलाच राहिला. वयस्कर होता, टक्कल होतं. त्यानं दोन्ही हात पसरून गादीच्या कडा धरल्या होत्या.

मी मान खाली घातली. तो तुझा कुणी नाही, मी स्वतःला सांगितलं. गादी आहे. गादीला काही होत नाही.

बंदूक वाजली. मी निघाले ती सगळ्यांच्या पुढं. हे मी म्हणत नाही, चित्रफितीत दिसतं. चाळीसपर्यंत मी पुढं होते, पन्नासलाही पुढं होते. मग मी मान वर केली. पुढं पसरलेले दोन हात होते.

तीन पावलं. मोजून तीन. माझ्या डाव्या-उजव्या बाजूनं चार मुली निघून गेल्या. मी गादीपर्यंत पोचले तेव्हा चालत होते. त्या म्हाताऱ्यानं मला जागा द्यायला हात खाली घेतले आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. बहुतेक दुखलं का, असं विचारलं असावं.

अंतिम फेरीत मी नव्हते. खोलीवर आल्यावर घरी फोन लावला. आईनं उचलला. मागं चाकांचा, ट्रॉलीचा आवाज येत होता. तिला खोटं बोलता येत नाही. चार दिवसांपासून तात्या बारामतीत दवाखान्यात होते. बरगडी तुटून बरेच दिवस झाले होते, आत पाणी झालं होतं, ताप उतरत नव्हता. डॉक्टर विचारत होते, इतके दिवस कसं काढलंत, काय लागलं होतं? तात्या सांगत होते, पोतं लागलं.

"त्यांनी शर्यत बघितली," आई म्हणाली. "नळी लावलेली हाय, तरी मोबाईल छातीवर धरून बघितली. बोल त्यांच्याशी. लई बोलू नगंस."

फोनवर आधी त्यांचा श्वास आला. आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा.

"पन्नासपतुर पुढं हुतीस," ते म्हणाले.

"व्हय."

"मंग काय झालं?"

सांगायला माझ्याकडं दोनच गोष्टी होत्या. एक खरी, आणि ती सांगितली असती तर त्या कॉटवर पडल्या पडल्या त्यांना कळलं असतं की माझी शर्यत कुणी थांबवली. मी म्हटलं, "पायात गोळा आला, तात्या."

दवाखान्यात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मला वाटलं, फोन आईकडं गेला असेल. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, गोदामात मला खाली सोडताना आला होता तसाच.

"आसंल," तात्या म्हणाले. "गुंडी तुटली आसंल."