बोम्मसंद्र्यापुढचा खडक आणि सहा मिनिटांचे आकाश

शस्त्रक्रियेत वाचा गेल्यापासून अण्णा, माझा थोरला भाऊ, पाटीवर लिहायचा. सोमवारी त्याने लिहिले, "गुरुवारी सकाळी. शेवटची संधी. तू जा."

विषय होता विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एका वीतभर उपग्रहाचा. त्यातल्या काही तारांना सोल्डरचे डाग अण्णाने दिले होते. तीन वर्षे तो गच्चीवरून हातातल्या रेडिओवर त्याचा डेटा घेत होता. आता उपग्रह खाली येऊन एक-दोन दिवसांत जळणार होता. अण्णाला खाटेवरून उठवत नव्हते. गुरुवारचा फेरा सहा मिनिटांचा, आग्नेयेला क्षितिजालगत होता आणि जयनगरात त्या बाजूला आमच्या घरासमोर सहा मजली इमारत उभी आहे. मी निघाले.

आधी कामाचे. परवान्याशिवाय असा रेडिओ बाळगू नका. माझा परवाना कॉलेजात असताना अण्णाने बळेच काढायला लावला होता. मी नूतनीकरण कधी चुकवले नाही, पण उपग्रहही कधी ऐकला नव्हता.

आर. व्ही. रोडहून मेट्रो थेट बोम्मसंद्र्याला जाते. तपासणीला बाईंनी रेडिओ उचलून कानडीत "एनिदु, मॅडम?" विचारले. परवाना दाखवला. "सरी, होगी," म्हणत त्यांनी पुढे सोडले. स्टेशनबाहेर इडली-वडा साठ रुपये, चटणी पातळ. रात्रपाळी संपवून आलेले कामगार उभ्याने मुकाट खात होते.

रिक्षा जाऊन-येऊन पाचशे. चालक मारुती निपाणीकडचा निघाला. तासाभरात बंद पडलेल्या खाणीशेजारच्या बोडक्या खडकावर पोचलो. खाली कचरा जळत होता. डोळे चुरचुरत होते, पण आग्नेय मोकळी होती.

अण्णाने रेडिओत पाच कंप्रता, म्हणजे फ्रीक्वेन्सी, भरून दिल्या होत्या. उपग्रह जवळ येताना वरची, दूर जाताना खालची. फोनवर रेकॉर्डिंग आणि उपग्रहाचा डेटा अक्षरांत उतरवणारे ॲप लावून तो रेडिओला चिकटवला आणि लांब अँटेना उपग्रहाच्या दिशेने रोखला.

नुसती खरखर. एक मिनिट, दोन मिनिटे. मी आकडे बदलत राहिले.

"अक्का, काय करायलाय तुम्ही? कुणाला गोळी घालायलाय?"

मी मारुतीकडे न बघता पुढचा आकडा लावला.

"आमच्या गावात टीव्हीच्या अँटेनाच्या काड्या आडव्या असायच्या की. तुम्ही टोक रोखून धरलंय."

मी गर्रकन त्याच्याकडे वळले. "गप्प बसा! मी फिजिक्स शिकलेय."

मी पुन्हा टोक रोखले. सहा मिनिटे संपली. ॲपवर एक अक्षर उमटले नाही.

उतरताना, अर्ध्या वाटेवर, मला आठवले. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ऐकू येते ते बाजूने. हे मी परीक्षेत लिहिले होते.

"तुमचं बरोबर होतं," मी मारुतीला म्हणाले.

"असू द्या की अक्का. आमचा काका कौलावरून पडला, तरी म्हणायचा माझंच बरोबर."

घरी आल्यावर अण्णाने माझा चेहरा पाहिला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, "टोक?" मी मान डोलावली. त्याने इअरफोन मागितले. सगळे रेकॉर्डिंग ऐकले, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी बोट वर केले आणि एक इअरफोन माझ्या कानात घातला.

"गप्प बसा! मी फिजिक्स शिकलेय." त्या शब्दांखाली, पुसट, एक झर्र. मारुतीकडे वळले तेव्हा हातातला अँटेना क्षणभर आडवा झाला होता. तेवढ्यात उपग्रह बोलून गेला होता. माझा आवाज वर बसल्याने ॲपला त्यातले काही वाचता आले नाही.

अण्णाने उपग्रहाच्या नोंदींची वही मागवली. मिनिट, सेकंद आणि पुढे "ऐकला" असे लिहिले. शुक्रवारी उपग्रह कुणालाच ऐकू आला नाही. त्या वहीत अण्णाने पुढे काही लिहिले नाही. दहाव्या दिवशी तो गेला.

तुम्ही दुसरा एखादा उपग्रह ऐकायला गेलात तर पाणी, टोपी आणि तोंडाला फडके न्या. अँटेना आडवा धरा. शेजारी कोणी बोलले तर बोलू द्या.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते लावते, पण माझे "गप्प बसा!" आले की पुढे ऐकवत नाही, बंद करते.